खाज साहेबाची, नाव परटाचं

इंग्रजी शब्दकोशात आपल्याकडचे बरेच लोक कधीचे जाऊन बसलेत. पंडित आहे, गुरू आहे, नबाब आहे, महाराजा तर आहेच. या बड्या पंगतीत आपला धोबीही आहे. फक्त त्याला पाटावर बसवताना इंग्रजांनी त्याच्या पदराला एक खाज बांधून दिली : 'धोबी इच'. कोश उघडून बघा, अर्थ दिलेला आहे. जांघेत होणारं गजकर्ण, विशेषतः उष्ण आणि दमट मुलखातलं.

आता जांघ साहेबाची, घाम साहेबाचा, विजार साहेबाची. खाजवणारा हातही साहेबाचाच. मग धोबी मध्ये कुठून आला? तर तो कपडे धुऊन आणत असे. कपडे घाटावर गेले, परत आले, साहेबाने अंगात चढवले आणि काही दिवसांनी चट्टा उठला. झालं, पंचनामा पूर्ण. बाजू मांडायला धोब्याला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी पुराव्याचं स्थळ त्याला दाखवणार कोण, हा प्रश्न होताच.

साहेब त्या काळात अंगावर काय घालत होता, ते जरा बघू. मुंबई-मद्रासच्या हवेत, जिथे नुसता पंचा नेसून बसलेला माणूसही घामाने भिजतो, तिथे हा गडी फ्लॅनेल घालून हिंडत असे. वर 'कॉलरा बेल्ट' नावाचा एक प्रकार होता. पोटाला गारठा लागला की पटकी होते, अशी त्यांच्या डॉक्टरांची समजूत. म्हणून कमरेभोवती लोकरीचा किंवा फ्लॅनेलचा रुंद पट्टा गुंडाळायचा. पटकी पाण्यातून होते, तिचा जंतू असतो, हे रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात बसून पक्कं केलं. तरी पट्टा पुढे कित्येक वर्षं सुटला नाही. म्हणजे कंबर लोकरीत, मांड्या विजारीत, पाय गुडघ्यापर्यंत बुटात. गजकर्ण ही अंगावरची बुरशी, तिला ऊब लागते, ओल लागते आणि कातडीचा मेलेला थर खायला लागतो. साहेबाने तिची राहण्या-जेवण्याची सोय चोख केली होती आणि पाहुणी आल्यावर दोष मात्र कपडे धुणाऱ्याला दिला.

या खाजेचा शास्त्रीय पाठपुरावा करणाऱ्यांत एक इटालियन डॉक्टर होता, आल्डो कॅस्टेलानी. १९०३ पासून तो सिलोनमध्ये, कोलंबोत होता. हुशार माणूस, पुढे मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली तेव्हा तिथल्या फौजेच्या वैद्यकीय खात्याचा कारभार त्याच्याकडे होता. तर या कॅस्टेलानीने धोबी इचच्या मागे असलेली बुरशी धुंडाळली. १९१० साली त्याने जी एक बुरशी वर्णन करून ठेवली, ती आज 'ट्रायकोफायटॉन रुब्रम' या नावाने ओळखली जाते आणि जगभर माणसाच्या पायांत, नखांत, जांघेत सर्वांत जास्त तीच सापडते. म्हणजे खुद्द डॉक्टरच्या टिपणात आरोपी म्हणून बुरशीचं नाव आलं. धोबी सुटायला हवा होता. पण रोगाच्या नावातून सुटायला जामीन नसतो.

कॅस्टेलानीने औषधही काढलं. फुक्सिन, फिनॉल, रिसॉर्सिनॉल वगैरे घातलेला गडद किरमिजी रंग. 'कॅस्टेलानीज पेंट' म्हणून त्वचारोगाच्या पुस्तकांत तो अजून सापडतो. कुंचल्याने मांडीला फासायचा. गुण येतो, पण लागेल त्या कपड्यावर डाग पडतो आणि तो सहजी निघत नाही. खाज ज्याच्या नावावर मांडली, तिच्या औषधाचे डाग काढायलाही तोच. आणि डाग नाही निघाला तर पैसे कापणार, ते वेगळंच.

बुटांची गोष्ट तर त्याहून मजेची आहे. कवकांचा अभ्यास करणाऱ्यांचं मत असं, की ही रुब्रम मूळची आग्नेय आशियाकडची. तिथल्या लोकांच्या अंगावर ती चट्टे उठवायची, पण पायांच्या बेचक्यात शिरत नव्हती. कारण लोक अनवाणी, पाय कोरडे. बूट घातलेले गोरे शिपाई आणि वसाहतवाले आले, त्यांच्या ओल्या मोज्यांत तिला घर मिळालं आणि त्यांच्याच पायांतून ती युरोप-अमेरिकेत पोहोचली. पायातून जांघेत जायला तिला फार प्रवास नाही. चड्डी घालताना ती पावलांवरूनच वर जाते. म्हणून आजही त्वचारोगतज्ज्ञ अशा रुग्णाला सांगतात, आधी मोजे घाला, मग चड्डी. घरी एकट्याने हा क्रम करून बघा, आरशात बघू नका.

आणि ती अमेरिकेत पोहोचल्यावर तिचं नाव काय झालं? पायातली ती 'अ‍ॅथलीट्स फूट' आणि जांघेतली 'जॉक इच'. जॉक म्हणजे खेळाडू, मैदान गाजवणारा. तीच बुरशी, तीच जांघ, तोच घाम. तिकडे ती मर्दुमकीची खूण, क्रीडापटूचा दागिना. इकडे ती नोकरमाणसाची चूक. जांघेतसुद्धा वर्णव्यवस्था असते, ती अशी.

इंग्रजीत धंद्यावरून पडलेल्या खाजा पुष्कळ आहेत. पिठात हात घालणाऱ्याची 'बेकर्स इच', साखर-पिठाची पोती उपसणाऱ्या वाण्याची 'ग्रोसर्स इच', सोड्याच्या पाण्याने हात सोलवटलेल्या परटिणीची 'वॉशरवुमन्स इच'. या सगळ्यांत ज्याला खाज सुटते त्याचं नाव आहे. ते रास्त म्हणता येईल. 'बार्बर्स इच' मात्र न्हाव्याला होत नाही, गिऱ्हाइकाच्या दाढीत होते. 'धोबी इच'ही तशीच, मालकाला होते. गंमत बघा, विलायतेतल्या परटिणीच्या हातांना निदान तिचा स्वतःचा रोग मिळाला. आमचा धोबी जन्मभर सोडा आणि पापडखारात हात बुडवून उभा. त्याच्या बोटांच्या भेगांना शब्दकोशात एक ओळ नाही. त्याच्या वाट्याला साहेबाची जांघ.

शेजाऱ्याच्या नावावर खपवणं तर फारच जुनं. इंग्रज लोक खरजेला 'स्कॉच फिडल' म्हणत. खाजवणारा हात फिडल वाजवल्यासारखा हलतो म्हणून आणि स्कॉटलंडवाले घाणेरडे अशी त्यांची खात्री म्हणून. इथे आपण फार सोवळ्यात बसायचं कारण नाही. पोर्तुगीज आले, त्यांच्या मागोमाग उपदंश आला आणि सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त त्याला सरळ 'फिरंग रोग' म्हणून टाकलं. अर्थात तो गोऱ्यांच्या गलबतांतूनच आला होता, त्यामुळे आपला पंचनामा जरा बरा उतरला म्हणायचा. गजकर्णाचं आपलं नाव त्या मानाने निरुपद्रवी. हत्तीवर ढकललं. हत्तीला इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही.

आता धोब्याच्या विरुद्ध जो एक पुरावा आहे, तोही मांडतो. नाहीतर म्हणाल, सदरवाला वकीलपत्र घेऊन आलाय.

कपड्यांवर धोबी खूण करतो. कॉलरच्या आतल्या बाजूला, विजारीच्या पट्ट्यामागे, दोन रेघा आणि एक टिंब, नाहीतर फुली आणि तीन टिंबं. हजार घरांचे कपडे एका भट्टीत जातात, तरी कुणाचा सदरा कुणाकडे जात नाही, ते या काळ्या खुणांमुळे. ती शाई भट्टीत उतरत नाही, सोड्याने फिटत नाही, कारण ती बिब्ब्याची असते. शनिवारी दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगतात तोच बिब्बा. त्याच्या सालीतलं काळं तेल आणि चुना. पक्का रंग. इंग्रजीत या झाडाला 'मार्किंग नट' म्हणतात, ते धोब्यामुळेच.

आणि हा बिब्बा उततो. ज्याला उतला त्याला विचारा. कातडी आधी लाल, मग पाणी धरलेले फोड, मग आग आणि मग काही दिवस उघड्यावर बसता येत नाही अशा ठिकाणची खाज. वऱ्हाड-मराठवाड्यात गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायकांचे हात बघावेत. हिवाळ्यात आपण डिंकाच्या लाडवात जी गोडंबी कौतुकाने दाताखाली शोधतो, ती कुणीतरी तळहात भाजून बाहेर काढलेली असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक हिंदुस्थानात आले. त्यांचेही कपडे धोब्याकडे गेले, त्यांवरही बिब्ब्याच्या खुणा पडल्या. आणि जिथे खूण, बरोबर तिथेच अंगावर पुरळ. १९४३ साली अमेरिकन डॉक्टरांनी हा प्रकार आपल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला : 'धोबी मार्क डर्मटायटिस'. बिब्बा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही एकाच कुळातले. आंबा आणि काजूही त्याच घरातले. बिब्बा आणि ती वेल, दोन्हींचा चीक एकाच जातीचा. तिकडे गावाकडे ज्या पोराने त्या वेलीला हात लावून अंग सुजवून घेतलेलं असतं, त्याच्या कातडीला बिब्ब्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. तेव्हा हा एक गुन्हा धोब्यावर शाबीत. पण त्यातही त्याने केलं काय? साहेबाची विजार साहेबालाच परत मिळावी, याची व्यवस्था. मराठीत कामात खोडा घालण्याला आपण 'बिब्बा घालणे' म्हणतो. इथे ज्याने बिब्बा घातला, त्याने उलट गोंधळ टाळला होता.

आता मुख्य आरोपाकडे. कपड्यांतून बुरशी पसरते का? पसरते. दुसऱ्याचा टॉवेल वापरा, एकाच बादलीत सगळ्यांची चड्डी-बनियन भिजवा, ओलेच घाला, हमखास पसरते. पण धोब्याची जुनी पद्धत बघा. कपडे सोड्यात बुडवले, भट्टीवर चढवले, रात्रभर वाफ दिली, दगडावर आपटले, उन्हात कडक वाळवले, वर कोळशाची इस्त्री. साठ अंशांच्या पुढे पाणी गेलं की ही बुरशी टिकत नाही. भट्टीत तर वाफ खेळत असते. सगळ्या हिंदुस्थानात त्या काळी बुरशीला खरोखर घाबरवणारा माणूस कुणी असेल, तर तो भट्टीपाशी उभा होता. परीटघडीच्या कपड्यात बुरशी शोधणं म्हणजे पोलीस ठाण्यात चोर शोधणं. सापडणारच नाही असं म्हणत नाही, पण निदान सुरुवात तिथून करू नये.

याच परटाच्या घरात शेंडगावला १८७६ साली डेबू जन्मला, पुढे गाडगेबाबा झाला आणि कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गावं झाडू लागला. महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. इंग्रजीने परटाच्या नावावर खाज मांडली, आपण झाडू मांडला. दोन्हीकडे काम मात्र त्यानेच करायचं.

आज काय चाललंय? परीट जवळजवळ गेलाच. उरला तो इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या टेबलामागचा, किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला. आपण यंत्र आणलं. त्यावर एक बटण आहे, 'क्विक वॉश'. थंड पाणी, काही मिनिटं, की झालं. वीज वाचते, पाणी वाचते, बुरशीही वाचते. बाबांची विजार, चिरंजिवांची जिमची चड्डी, आईचे गाऊन, सगळे एका ड्रममध्ये गोल फिरतात आणि एकमेकांना भेटून बाहेर पडतात. पावसाळ्यात दोऱ्या घरात, कपडे ओलसर, त्यांना पंख्याखाली तीन दिवस कुबट वास. शेवटी ऑफिसची वेळ झाली की इस्त्री फिरवून अर्धओलीच जीन्स चढवायची आणि विरार लोकलमध्ये शिरायचं. जीन्स म्हणजे आपला कॉलरा बेल्ट. फरक इतकाच की तो आपल्यावर कुठल्या डॉक्टरने लादलेला नाही.

मग चट्टे उठतात. गोल, कडा उंच आणि लाल, मधली कातडी साफ होत जाणारी. त्या गोलावरून इंग्रजीत 'रिंगवर्म' म्हणतात, आत किडा वगैरे काही नसतो. दाखवायचं कुणाला? लाज वाटते. मग मेडिकल स्टोअर. गिऱ्हाईक दुकान रिकामं व्हायची वाट बघतं, काउंटरवर वाकतं आणि हळूच म्हणतं, "ती ट्यूब द्या." कुठली, ते विचारावं लागत नाही.

त्या ट्यूबची चिठ्ठी वाचण्यासारखी असते. अक्षर बारीक, पण वाचा. क्लोबेटासॉल, म्हणजे मलमांतलं सर्वांत जोरकस स्टेरॉइड. टर्बिनाफिन, बुरशीवरचं. ऑफ्लोक्सासिन, जंतूंवरचं. आणि ऑर्निडाझोल. शेवटची जोडगोळी ओळखीची वाटली ना? जुलाब लागल्यावर हीच दोन औषधं एका गोळीत देतात. आता मांडीला जुलाब कसे लागतात, हे ती ट्यूब बनवणाऱ्यालाच ठाऊक. कुठलं तरी लागू पडेल, या हिशेबाने चार औषधं एकाच नळीत कोंबायची कला आपल्याइतकी कुणाला साधलेली नाही.

गंमत अशी, की लागू पडतं ते स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते. लाली जाते, कडा जाते, माणूस खूश. आत बुरशी मात्र मजेत, कारण तिच्याशी भांडणारी प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने झोपवलेली असते. कडा नाहीशी झाल्याने गजकर्ण गजकर्णासारखं दिसतच नाही. इव्ह आणि मार्क्स या इंग्रज डॉक्टरांनी १९६८ सालीच याला 'टिनिया इनकॉग्निटो' असं नाव देऊन ठेवलंय, म्हणजे वेष पालटून हिंडणारं गजकर्ण. ट्यूब थांबवली की ते वेष उतरवतं आणि दुप्पट जागा व्यापतं. मग पुन्हा ट्यूब. कातडी पातळ होत जाते, मांडीवर जांभळट भेगांचे पट्टे पडतात आणि ते पुढे फिकटले तरी जात नाहीत. खाजवून खरूज काढणे ही म्हण आपण बोलायला वापरायचो. आता तिची ट्यूब मिळते.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. त्वचारोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना वर्षानुवर्षं ओरडत होती. २०१८ साली केंद्राने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं बजावलं. बजावलं. आपल्याकडे हे क्रियापद बहुधा याच अर्थाने वापरतात.

या सगळ्यातून एक नवी बुरशी मात्र नावारूपाला आली. जपानमध्ये काही भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या अंगावर ती सापडली. टर्बिनाफिनला न जुमानणारी, अंगभर पसरणारी. २०२० साली तिथल्या शास्त्रज्ञांनी तिचं बारसं केलं : 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए'. इंडो ते आपलेच. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांत सापडल्याचं अमेरिकन सरकारने जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच नियम करून ठेवलाय, की नव्या रोगाला देशाचं, माणसाचं, धंद्याचं नाव देऊ नका, त्यातून बदनामी होते. पण तो रोगांपुरता. बुरशीला देशाचं नाव द्यायला अजून मोकळीक आहे. तेव्हा पूर्वी खाज एका परटाच्या नावावर होती, आता एकशेचाळीस कोटी लोकांच्या सातबारावर चढलीय. काही मंडळींना याचा संताप आला, आणि तो योग्यही आहे. फक्त संतापताना एक हात खिशात, तिथून जरा आत, सतत हलत असतो, तो दिसू नये याची काळजी घ्यावी.

परवा संध्याकाळी मेडिकलवाल्याकडे क्रोसिन घ्यायला उभा होतो. शेजारी एक गृहस्थ आले. सफारी, कपाळाला गंध, हातात भाजीची पिशवी. माझ्याकडे पाठ करून त्यांनी ट्यूब मागितली. दुकानदाराने मागे न बघता फडताळातून काढली. नुकताच कुणीतरी तपासणीचा धाक घातला असावा, कारण त्याने विचारल्यासारखं केलं :

"चिठ्ठी आहे का, काका?"

"चिठ्ठी कसली? गेल्या पावसाळ्यापासून लावतोय."

"छोटी देऊ की मोठी?"

"मोठीच द्या. घरात सगळ्यांना झालंय."